मधल्या दाराने उतरणारा हमझत

आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावाहून विमानतळाकडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मी नेहमी खालच्या मजल्यावर, मधल्या दारासमोरच्या सीटवर बसतो. विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघायचं काम मी इतकी वर्षं करतो आहे की बसमधले चेहरेही मला पाठ झाले आहेत. कोण कुठे चढतो आणि कुठे उतरतो, यात सहसा बदल होत नाही. म्हणूनच हमझतचं उतरणं माझ्या डोळ्यांत भरलं.

तो माझ्याच थांब्यावर चढायचा. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, पंचेचाळिशीचा माणूस. हातांवर भाजल्याच्या बारीक खुणा. चर्चजवळच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ पुढच्या दाराने चढत. डोक्यावर करड्या लोकरीची उंच टोपी, हातात काठी. त्यांची काठी बसच्या पायरीवर टेकली की हमझत मधल्या दाराने खाली उतरे. पाऊस असो की वारा, पुढची वाट तो पायी चालायचा. म्हातारे गृहस्थ पुढच्या सीटवर बसत आणि समोरच्या काचेतून सरळ बघत राहत. मान वळवलेली मी कधी पाहिली नाही.

"युअर मॅनला माझ्या गाडीची ॲलर्जी आहे वाटतं," ड्रायव्हर एकदा मला म्हणाला. इथे 'युअर मॅन' म्हणजे 'तो गडी'.

मी हमझतला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "चालणं ग्रँड. तब्येतीला बरं." मी पुढे विचारलं नाही.

त्या वर्षी आम्ही भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात आलो. निवृत्ती जवळ आलेली असताना घर घेणारा मी एकटाच, असं लता सगळ्यांना सांगत असते. घराच्या बाजूच्या बोळाला एक कुजलेलं लाकडी दार होतं. हमझत विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो, वेल्डिंग करतो, हे मला ठाऊक होतं. मी त्याला लोखंडी फाटक करून देशील का विचारलं. रविवारी तो आला. मी खोलीत गेलो की तो उठून उभा राही. मी बस म्हटल्याशिवाय बसत नसे.

"बघा, वडीलधाऱ्यासाठी कसा उठतो तो," लता म्हणाली. "आपले निमिषसाहेब सोफ्यावरून पायसुद्धा खाली घेत नाहीत."

"ममा, आय कॅन हिअर यू," सोफ्यावरून आवाज आला.

हमझतने ते फाटक फार मनापासून केलं. पोहे खाताना तो म्हणाला, "तुमच्या आयर्लंडमध्ये घरांना फाटकंच नाहीत. मला अजून सवय होत नाही. आमच्याकडे घर लहान असलं तरी फाटक मोठं. माझा धंदाच तो होता."

तो इंगुश होता. रशियाच्या दक्षिणेला, काकेशस पर्वताच्या उतारावर, चेचन्याला लागून त्यांचा चिमुकला प्रांत आहे. त्याच्या आजोबांच्या पिढीला एका हिवाळ्यात गाड्यांत कोंबून दूर मध्य आशियात नेऊन टाकलं होतं. परत आले, तर तो लहान असताना शेजारच्या ओसेटियन लोकांशी लढाई झाली आणि राहतं घर जळालं. वेल्डिंगला लागला तेव्हा डोंगरात बंडखोर होते आणि गावात तोंडं झाकलेले शिपाई. पहाटे चिलखती गाड्या येऊन एखाद्या घराला वेढा घालत. दुपारी त्या निघून गेल्या की घरचे लोक हमझतला बोलावत.

"फाटकाला गोळ्यांची भोकं पडलेली असायची. मी पत्र्याचे गोल तुकडे कापून ती बुजवायचो. वर रंग. काही फाटकांवर रंगापेक्षा तुकडेच जास्त."

"मग घरातली माणसं?" लताने विचारलं.

"ती मला बुजवता येत नव्हती."

त्यानंतर बराच वेळ तो ग्राइंडरच चालवत होता. संध्याकाळी निघताना मात्र, मी न विचारता, त्याने बसची गोष्ट सांगितली. त्याचा थोरला भाऊ पोलिसात होता. एका पहाटे त्यानेच शिपायांना एका घराचं फाटक दाखवलं. आत विशीतला एक मुलगा मारला गेला. तो बंडखोर होता की नव्हता, हे कोणालाच नक्की माहीत नाही. दुपारी त्या घराने फाटक दुरुस्त करायला हमझतलाच बोलावलं, आणि त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं की वाट कोणी दाखवली. त्याने भोकं बुजवली. मुलाच्या बापाने त्याला चहा दिला. पुढे भावाचं नाव बाहेर आलं. भाऊ नंतर बॉम्बमध्ये गेला, पण तो बॉम्ब दुसऱ्याच कोणाचा होता. त्यामुळे त्या घराचं रक्त फिटलं नव्हतं. त्यांच्या रिवाजाने ते आता भावाऐवजी हमझतकडे येणं होतं, जिवाच्या बदल्यात जीव.

"ते म्हातारे?" मी विचारलं.

"याकुब. त्या मुलाचे वडील. दोन वर्षांपूर्वी धाकट्या मुलाला घेऊन इथे आले. तिकडे पोरांना युद्धावर धरून नेत होते ना. एकच उरलाय, आदम." तो फाटकाची कडी उघडून बघत होता, मिटून बघत होता. "आमच्यात दोषी घराच्या माणसाने समोर यायचं नाही. ते आले की मी जागा सोडायची. मी सोडतो, म्हणून त्यांनी मला पाहिलेलं नाही."

"रोज पाहतात की."

"दिसतो मी. पण कोणी माझं नाव घेऊन त्यांच्यासमोर मला उभं केलेलं नाही. तोवर त्यांना काही करावं लागत नाही. आणि आदमला तर मी इथे आहे हेच माहीत नाही. तो भावावर फार जीव लावणारा होता, मिस्टर मुरली."

त्याची बायको खावा आणि मुलगी लैला अजून तिकडेच होत्या. इकडे येण्याचे त्यांचे कागद मंजूर होत आले होते. एक घर भाड्याने घ्यायचं, त्याला एक फाटक करायचं आणि त्या दोघींना आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

वास्तुशांतीला आम्ही त्याला अगत्याने बोलावलं. पूजा झाली, दुपारी पंगती बसल्या. बसायला जागा कमी म्हणून लोक हातात ताटल्या घेऊन पार जिन्यापर्यंत बसले होते. हमझत मागच्या अंगणातून खुर्च्या आणत होता. तेवढ्यात पुढच्या दारातून विलासचा आवाज आला. विलास म्हणजे आमच्या मंडळाचा उत्साही माणूस. कोणाचं कोणाशी नातं, कोण कुठल्या गावचं, हे शोधून काढून दोघांची गाठ घालून देण्यात त्याला जन्माचं समाधान मिळतं.

"मुरलीधरराव, बघा कोणाला आणलंय! हा माझ्या गोदामातला आदम, आणि हे त्याचे वडील. म्हटलं, तुमच्याकडे तो फाटकवाला येतो ना, तो पण इंगुश. अख्ख्या आयर्लंडमध्ये चार टाळकी असतील यांची, आणि एकमेकांना ओळखत नाहीत म्हणजे काय!"

ते तिघं आत आलेही होते; मी विलासच्या पुढ्यात आडवा उभा राहिलो. "विलास, जरा इकडे ये."

"अहो, थांबा हो. कुठाय तो? हमझत! ए हमझत! तुझ्याच गावचे आहेत बघ, मुद्दाम आणलंय!"

हमझत दोन खुर्च्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने त्या हळूच खाली ठेवल्या. याकुबांनी डोळे मिटले. थकलेल्या माणसाने मिटावेत तसे. आदम बावीस-तेवीस वर्षांचा, गोरापान, नीट भांग पाडलेला मुलगा. लताने नुकतीच त्याच्या हातात ताटली दिली होती. त्याने वडिलांना त्यांच्या भाषेत एकच गोष्ट विचारली. वडिलांनी उत्तर द्यायला वेळ लावला, आणि तो वेळच उत्तर ठरला. आदमने ताटली न खाता टेबलावर ठेवली, छातीवर हात ठेवून लताला वाकून नमस्कार केला आणि बाहेर गेला. रस्त्यापलीकडे विलासची गाडी होती, तिला टेकून आमच्या घराकडे बघत उभा राहिला.

"काय झालं? तिखट लागलं का?" विलासने विचारलं.

याकुब खुर्चीवर बसले. त्यांनी जेवायला सुरुवात केली. इतक्या सावकाश जेवणारा माणूस मी पाहिला नव्हता. एकेक घास. बाकीचे पाहुणे जेवून, विडे घेऊन गेले, तरी ते वरणभातच खात होते. त्यांचं जेवण होईपर्यंत मुलाला बाहेर थांबणं भाग आहे, हे माझ्या लक्षात यायला बराच उशीर झाला.

हात धुवायला ते आत आले तेव्हा मोडक्या इंग्रजीत मला म्हणाले, "तो बसमधून उतरायचा, म्हणून मला रोज सकाळी काही ठरवावं लागत नव्हतं."

"आता?"

"आता माझ्या मुलासमोर त्याचं नाव घेतलं गेलं." त्यांनी टॉवेल घडी घालून जागेवर ठेवला. "पाहुणा यजमानाचा असतो. स्वतःच्या घरी पोचेपर्यंत. माझा मुलगा हे मोडणार नाही. हे मी त्याला शिकवलंय. दुसरंही मीच शिकवलंय."

मी आयुष्यभर नियमाने चाललेला माणूस. मी एवढंच समजलो की हमझतने आपल्या खोलीवर जायचं नाही.

तो आमच्याकडेच राहिला. आदम कामावरून सुटला की येई आणि समोरच्या फुटपाथवर उभा राही. कोणाला त्रास नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची कचऱ्याची पेटी आत नेऊन देई. लता दुकानातून आली की तिच्या पिशव्या दारापर्यंत आणे, उंबऱ्याच्या बाहेर ठेवे आणि परत जाऊन उभा राही.

"एवढा गुणी मुलगा आहे हो," लता पडदा सारून म्हणायची, "आणि मी दाराला दोनदा कडी लावते त्याला बघून."

"गार्डांना सांगा," विलास फोनवर म्हणाला. एव्हाना त्याला सगळं कळलं होतं. मी गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ठाण्यात गेलो. गार्ड भला माणूस होता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "धमकी दिली का? अंगाला हात लावला?" मी म्हटलं, "पिशव्या उचलतो." त्याने वही मिटली.

माझा पुतण्या इंद्रनील कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहे. तिथल्या दुरुस्ती विभागात वेल्डर हवा होता. इंद्रनील गाडी घेऊन आला. अगदी दाराला लावून उभी केली. हमझत आमच्या उंबऱ्यावरून उतरला तो थेट त्याच्या गाडीत, आणि तिकडे थेट त्याच्या घरात. एका घरचा पाहुणा दुसऱ्या घरी गेला. आदमने सगळं पाहिलं. गाडी गेल्यावर तो माझ्याकडे आला.

"तो घरी गेला का, सर?"

"नाही. तो पाहुणाच आहे."

"ठीक आहे," तो म्हणाला. "माणूस कधीतरी घरी जातोच."

त्यानंतर तो अधूनमधून येई. दर वेळी तोच प्रश्न, तीच नम्रता. मीही तेच उत्तर देई, आणि ते खरं होतं. हमझतने इंद्रनीलच्या घराची किल्लीसुद्धा घेतली नव्हती. बाहेरून आला की घंटा वाजवून दारात उभा राही. "काका, मला कसंतरी होतं," इंद्रनील सांगायचा. "कपाटात एक शर्ट ठेवत नाही. बॅग भरलेलीच असते."

मार्चमध्ये खावा आणि लैला आल्या. लैला तेरा वर्षांची. पाच वर्षांनी बापाला बघत होती. हमझतचा फोन आला.

"मिस्टर मुरली, घर घेतलंय. इंद्रनीलच्या घरापासून जवळच, वळणावर."

मी खिडकीतून समोरच्या फुटपाथकडे पाहिलं.

"मुलीला किती दिवस लोकांच्या खोलीत ठेवू? ती विचारते, आपलं घर कुठलं." मग म्हणाला, "फाटक लावलंय. मोठं. तुम्ही दोघं या."

शनिवारी आम्ही निघायची तयारी केली. नव्या संसाराला द्यायचं म्हणून लताने एका खोक्यात कुकर, तांब्याचा गडू, परात, पोळपाट-लाटणं आणि लैलासाठी एक पांघरूण भरलं होतं. खोकं उचलून ती दारात आली आणि समोर आदम. तो कधी आला हे आम्हाला कळलंच नव्हतं.

"जड आहे, मॅडम. द्या इकडे."

नाही म्हणायच्या आत त्याने खोकं घेतलं. आतली भांडी वाजली. त्याने क्षणभर ते हातात तोललं. झाकणाच्या फटीतून लाटणं बाहेर आलं होतं, ते नीट आत सरकवलं. मग गाडीच्या डिकीत खोकं ठेवून त्याने डिकी हलकेच बंद केली.

"घर मिळालं वाटतं त्याला," तो म्हणाला. "देव त्या घराचं भलं करो." छातीवर हात ठेवून तो आपल्या गाडीत जाऊन बसला. इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. आम्ही निघायची वाट बघत होता.

लता आत येऊन पायरीवरच बसली. "आपण नाही जायचं. आज नाही, उद्या नाही."

मी विलासला फोन करून याकुबांना बोलावलं. ते आले तेव्हा तीच लोकरी टोपी होती, पण अंगात लग्नकार्याला घालावा तसा काळा कोट, आणि हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेली ताजी पाव-रोटी. आपल्या मुलाच्या गाडीजवळून ते त्याच्याकडे न बघता आले.

"चला," ते म्हणाले. "मी तुमच्या गाडीत बसतो."

"तो मागे येईल."

"येऊ दे. आज नाही गेलात तर तो दुसऱ्या वाटेने जाईल, आणि तेव्हा मी बरोबर नसेन."

स्वोर्ड्स ते रिंगास्किडी हा सगळा देश उभा कापून जाण्याचा रस्ता आहे. मी ठरलेल्या वेगाच्या वर गेलो नाही. आरशात ती गाडी होती. मी लेन बदलली की तीही बदलायची. पेट्रोलला थांबलो, तर ती पलीकडे थांबली. आदमने खाली उतरून वडिलांना पाण्याची बाटली आणून दिली. याकुबांनी ती घेतली, प्यायले, परत केली. लता पूर्ण वेळ ओठांतल्या ओठांत रामरक्षा म्हणत होती.

कॉर्कच्या अलीकडे याकुब पहिल्यांदा बोलले. "आमच्यात रक्त माफ करायचं तर घरच्या सगळ्या पुरुषांनी हो म्हणावं लागतं. आम्ही दोघंच पुरुष उरलोय. तो हो म्हणत नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"जेवणार," ते म्हणाले. "मुलाच्या रक्ताच्या घरात जेवलो म्हणून गाव माझ्या नावाने थुंकेल. थुंकू दे. जिथे बाप जेवतोय, त्या घरावर मुलगा हात उचलू शकत नाही."

बंदराची धुराडी दिसू लागली. वळणावर ते घर होतं. पलीकडच्या सगळ्या घरांना गुडघाभर भिंती, आणि याच्यापुढे माणसापेक्षा उंच, गर्द हिरवं लोखंडी फाटक. एकही भोक नसलेलं. मी हॉर्न वाजवला. हमझतने फाटक उघडलं. आमच्याकडे बघून हसला, आणि मग आमच्या गाडीच्या मागच्या दारातून काठी बाहेर येऊन जमिनीवर टेकली.

त्याचं हसू गेलं. आमच्यामागे येऊन थांबलेली गाडीही त्याला दिसली. त्याचे पाय आपोआप मागे सरकले. घराच्या बाजूने, परसदाराकडे. बसमध्ये सरकायचे तसेच. आत खिडकीत लैला उभी होती.

याकुबांनी काठी उचलून त्याच्याकडे धरली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. ते काय म्हणाले हे मला हमझतने नंतर सांगितलं: "आज उतरू नकोस."

मग ते त्या फाटकातून आत गेले, आणि जाता जाता पत्र्यावरून हात फिरवला.

आदम गाडीतून उतरला. फाटकापर्यंत आला. फाटक सताड उघडं होतं. तो तिथेच थांबला, उंबरा नसलेल्या त्या जागी, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून. मी त्याच्या खिशांकडे बघायचं टाळलं.

आत खावाने टेबल मांडलं. याकुबांनी आणलेली रोटी हमझतने दोन्ही हातांनी मोडली. तो बसला नाही. वडीलधारा जेवत असताना भिंतीला पाठ लावून उभा राहिला. लैलाने समोर वाडगा ठेवला, तेव्हा याकुबांनी तिला तिचं नाव विचारलं, आणि तिने सांगितल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बाहेर पाऊस सुरू झाला. उघड्या फाटकातून आदम भिजताना दिसत होता. लताने माझ्याकडे पाहिलं. अंधार पडायला अजून पुष्कळ वेळ होता, आणि रात्र झाल्यावर काय, हे कोणी विचारत नव्हतं.

"बाबा," आदमने बाहेरून हाक मारली. एवढं मलाही कळलं.

याकुबांनी मान वळवली नाही. त्यांनी रोटीचा एक छोटा तुकडा तोडला, रश्शात बुडवला, आणि तो चावायला इतका वेळ लावला की लैलाने पुढे होऊन त्यांच्यासाठी पाणी भरलं. मग त्यांनी वाडगा तिच्यापुढे सरकवला.

"आणखी वाढ," ते म्हणाले.